जबाबाआधीचा वकील

पोलिसांचे बोलावणे बहुधा फोनवर येते. “जरा ठाण्यात येऊन जा, साहेबांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत.” अमरावतीत असो, अकोटात असो की मूर्तिजापुरात, घरातली पुढची धावपळ साधारण एकाच क्रमाने होते. आधी ओळख शोधायची. खात्यात कोणी पाहुणा आहे का, नगरसेवक फोन करेल का, गावचा पोलीस पाटील सोबत येईल का. वकिलाचे नाव कोणी काढलेच तर घरातले वडीलधारे माणूस त्याला गप्प करते. “वकील कायले पायजे आतापासून? आपन का चोरी केली?” वकील म्हणजे कोर्ट, कोर्ट म्हणजे तारीख आणि तारीख म्हणजे पैसा, हा हिशेब डोक्यात पक्का. मग वकिलाचा शोध सुरू होतो तो माणूस आत गेल्यावर. तोवर जबाब लिहून झालेला असतो, दोन-चार कागदांवर सह्या झालेल्या असतात, मोबाइल जमा असतो.

माझे म्हणणे असे, की पुढे खटल्यात मोठी फी देऊन उभा केलेला वकील जे निस्तरू शकत नाही, ते जबाबाच्या आदल्या दिवशी अर्धा तास भेटलेला साधा तालुक्याचा वकील टाळू शकतो. आणि कायदा त्या वकिलाला ठाण्यात येऊ देतो. पुरता नाही, पण येऊ देतो.

बोलावणे आले की सर्वांत आधी विचारायचे ते हे: साक्षीदार म्हणून बोलावले आहे की संशयित म्हणून? फोनवर याचे उत्तर सहसा गोलमोल मिळते, पण कायद्यात दोघांसाठी दोन वेगळे कागद आहेत. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरी सुरक्षा संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, त्यामुळे नवे आणि जुने असे दोन्ही माहीत असलेले बरे. साक्षीदाराला बोलवायचे ते कलम १७९ खाली (जुने १६०), आणि तेही लेखी आदेशाने. महिला, १५ वर्षांखालचा मुलगा, ६० वर्षांवरचा पुरुष, अपंग किंवा गंभीर आजारी माणूस यांना राहत्या जागेबाहेर येण्याची सक्तीच करता येत नाही. पोलिसांनी घरी यायचे. ते आपणहून ठाण्यात जायला तयार असतील तर गोष्ट वेगळी.

ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, पण अटकेची गरज दिसत नाही, त्याला कलम ३५(३) ची नोटीस. हीच ती जुनी ‘४१-अ’ची नोटीस. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत पोलिसांनी उठसूट अटक करू नये, आधी ही नोटीस द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात बजावले. नोटिशीप्रमाणे माणूस हजर होत राहिला, तर कारणे लिहून ठेवल्याशिवाय त्याला अटक करता येत नाही. म्हणजे ती नोटीस घाबरण्याची वस्तू तर आहेच, पण जपून ठेवण्याचीही आहे. ती व्हॉट्सॲपवर पाठवून भागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले. संशयित माणूस ६० च्या पुढचा किंवा आजाराने खंगलेला असेल आणि गुन्ह्याची शिक्षा तीन वर्षांपेक्षा कमी असेल, तर त्याला अटक करण्याआधी ठाणेदाराला निदान उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते.

आणखी एक बोलावणे असते ते चॅप्टर केसचे. सण आणि निवडणुका जवळ आल्या की शांतता राखण्याच्या बाँडसाठी लोकांना बोलावतात. इथे अमरावती आणि अकोला या दोन शहरांत फरक पडतो. अमरावती शहरात पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळे कार्यकारी दंडाधिकाऱ्याचे हे अधिकार पोलीस अधिकाऱ्यांकडेच आहेत. अकोला हा अधीक्षकांचा जिल्हा, तिथे प्रकरण तहसीलदार किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांपुढे जाते. कुठे हजर व्हायचे, हेच माहीत नसल्याने एखाद्याचा दिवस वाया जातो.

वकील चौकशीच्या खोलीत बसू शकतो का, हा प्रश्न आपल्या देशात खऱ्या अर्थाने उभा राहिला तो एका माजी मुख्यमंत्र्यांमुळे. नंदिनी सत्पथी डिसेंबर १९७६ पर्यंत ओडिशाच्या मुख्यमंत्री होत्या. पुढच्या वर्षी त्यांच्यावर बेहिशेबी मालमत्तेचा गुन्हा दाखल झाला आणि कटकच्या दक्षता ठाण्यात बोलावून पोलीस उपअधीक्षक दाणी यांनी त्यांच्यापुढे प्रश्नांची लांबलचक लेखी यादी ठेवली. बाईंनी उत्तरे द्यायला नकार दिला. मग उत्तर न दिल्याचाच वेगळा खटला त्यांच्यावर भरला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ७ एप्रिल १९७८ रोजी न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्यावर निकाल लिहिला.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) प्रमाणे कोणत्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. हे संरक्षण कोर्टाच्या पिंजऱ्यापुरते नाही, ते ठाण्यातल्या टेबलापासूनच सुरू होते आणि नुसत्या संशयितालाही लागू आहे, असे या निकालाने सांगितले. वकिलाबद्दलही निकाल स्पष्ट बोलला. चौकशीच्या वेळी आरोपीने वकील जवळ हवा म्हटले तर त्याला नाही म्हणता येणार नाही. मात्र पोलिसांनी त्याच्यासाठी वाजवी वेळेपलीकडे खोळंबून राहायचीही गरज नाही. वकिलाने उत्तरे पढवायची नाहीत. दमदाटी झाली तर हरकत घ्यायची, अडचणीत आणणारा प्रश्न आला तर तो दाखवून द्यायचा. आणि मुळात एका महिलेला ठाण्यात बोलावलेच कसे, हेही न्यायालयाने ऐकवले. बाईंकडे वकील होता, कारण त्या नंदिनी सत्पथी होत्या. ज्याच्याकडे नाही त्याला सरकारने ठाण्यात वकील पुरवावा, इतके पुढे जायला मात्र त्या न्यायालयाने नकार दिला.

हा दरवाजा पुढे थोडा ओढून घेतला गेला. पश्चिम बंगालमधल्या कोठडी-मृत्यूंबद्दल डी. के. बसू यांनी १९८६ मध्ये सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. त्यावर १८ डिसेंबर १९९६ रोजी अकरा सूचनांचा प्रसिद्ध निकाल आला. अटकेचा कागद साक्षीदाराच्या सहीने करा, घरच्यांना कळवा, वैद्यकीय तपासणी करा, हे सगळे त्यातलेच. त्यात वकिलाचे कलम असे: चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येईल, मात्र चौकशी चालेल तेवढा सगळा वेळ नाही. २०१० पासून हेच वाक्य संहितेत ४१-ड म्हणून आले आणि आज ते कलम ३८ आहे. कस्टम्स आणि अमली पदार्थांच्या तपासात तर न्यायालयांनी काही वेळा वकिलाला काचेपलीकडे बसवले आहे. त्याला अशील दिसावा, पण बोलणे ऐकू येऊ नये.

‘भेटता येईल, पण सगळा वेळ नाही’ हे वाक्य मला नेहमीच अर्धवट वाटत आले आहे. किती वेळाने, किती वेळा, किती मिनिटे, काहीच त्यात नाही. ते सगळे ठाणेदाराच्या मर्जीवर आणि वकिलाच्या चिकाटीवर. शिवाय हे कलम अटक झालेल्या माणसाबद्दल बोलते. ज्याला नुसते ‘बसवून ठेवले’ आहे त्याचे काय? यावर मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्ये कस्टम्सच्या एका प्रकरणात चांगला खुलासा केला आहे. माणसाला हवे तेव्हा उठून जाता येत नसेल, तर कागदावर काहीही लिहा, ती अटकच. आणि दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याचे २४ तास तिथपासूनच मोजायचे. त्यामुळे “मी आता घरी जाऊ का?” हा साधा प्रश्न फार कामाचा आहे. जे उत्तर मिळेल त्यावरून आपण कोण आहोत, ते कळते.

पण अर्धवट असली तरी ही तरतूद वाया घालवण्याजोगी नाही, कारण वकिलाचे खरे काम त्या खोलीत नसतेच. ते आधी होते. तो नोटीस वाचतो, गुन्हा क्रमांक आणि कलमे विचारतो. संवेदनशील प्रकरणे सोडली तर एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकायचा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरून तो उतरवून घेता येतो. तो वाचला की कळते आपले नाव कुठे आहे: फिर्यादीत, आरोपींत, की ‘व इतर’मध्ये. ‘व इतर’ असेल तर वकील सावध होतो आणि अटकपूर्व जामिनाचा अर्ज अकोला किंवा अमरावतीच्या सत्र न्यायालयात आधी टाकायचा का, हे ठरवतो. तिथे नाही जमले तर नागपूर खंडपीठ.

मग तो एक अर्ज करतो. पांढऱ्या कागदावर, चार ओळींचा: अमुक तारखेच्या नोटिशीप्रमाणे अर्जदार आज हजर आहे, तपासात सहकार्य करायला तयार आहे, चौकशीवेळी वकिलाला भेटू द्यावे. दोन प्रती. एक ठाण्यात द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक आणि ठाण्याचा शिक्का घ्यायचा. ठाणे अंमलदार कधी म्हणतो, “साहेब आल्यावर घेऊ.” ज्युनिअर वकील मग बाकावर बसून राहतो. हा बाकावरचा वेळ अशिलाला फुकट गेल्यासारखा वाटतो आणि त्याबद्दल फी देताना हात आखडतो. पण पुढे ‘आरोपी बोलावूनही आला नाही’ असे कोणी रिमांडच्या कागदात लिहिले, तर तो शिक्का हेच उत्तर असते. शिवाय बाहेर वकील बसला आहे, हे आत सगळ्यांना माहीत असते, त्याचाही परिणाम होतोच.

अशिलाला वकील जे शिकवतो त्यातले अर्धे अगदी साधे असते. पाहिले ते पाहिले म्हण, ऐकले ते ऐकले म्हण, आठवत नाही ते आठवत नाही म्हण. साक्षीदाराला खरे उत्तर देणे बंधनकारक आहे, पण ज्या उत्तराने तो स्वतः गुन्ह्यात अडकेल ते नाकारण्याची मुभा कलम १८० त्याला देते. खोटे बोलण्यापेक्षा गप्प बसणे कायद्याच्या दृष्टीने कितीतरी सुरक्षित आहे. आपल्याकडे उलट होते. गप्प बसलो तर संशय येईल म्हणून लोक काहीतरी रचून सांगतात आणि मग त्या रचलेल्यातच गुंततात.

सहीचा घोळ तर फारच जुना. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सांगणाऱ्याची सही घ्यायची नाही, असे कलम १८१ (जुने १६२) स्वच्छ सांगते. सही लागते ती आपण फिर्यादी असू तेव्हा एफआयआरवर, पंच असू तेव्हा पंचनाम्यावर, नोटीस मिळाल्याच्या पोचीवर. कोऱ्या कागदावर तर कधीच नाही. कोणत्या कागदावर सही करतो आहोत ते वाचून करावी. आणि वाचता येत नसेल तर तेवढ्यासाठीसुद्धा वकील सोबत असावा.

इथे कोणी म्हणेल, पोलिसांसमोरच्या कबुलीला कोर्टात किंमतच नसते, मग एवढा बाऊ कशाला? बरोबर आहे. पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली पुरावा धरायची नाही, हा नियम इंग्रजांच्या काळातला. मद्रास इलाख्यातल्या छळाच्या चौकशीचा अहवाल १८५५ मध्ये आला, त्यानंतर १८६१ च्या फौजदारी संहितेत तो नियम घातला गेला, तिथून १८७२ च्या पुरावा कायद्यात गेला आणि आज भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. पण त्याच कलमाच्या शेपटात जुने कलम २७ दडले आहे. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या वस्तूपुरते त्याचे बोलणे पुराव्यात येते. चोरीची मोटारसायकल तुरीच्या वावरात लपवली आहे असे तो म्हणाला, पंचांसमक्ष ती तिथे निघाली, मेमोरँडम पंचनामा झाला, की कबुली मागच्या दाराने आत आली. अनेक खटले या एका पंचनाम्यावर उभे असतात. ते बोलणे खरोखर त्याचे होते का, त्याला ठाण्यात किती वाजता आणले होते, हे विचारायला त्या दिवशी वकील कुठेच नसेल, तर दोन वर्षांनी उलटतपासणीत फक्त अंदाज उरतात.

अमेरिकेत १९६६ च्या मिरांडा निकालापासून कोठडीत प्रश्न विचारण्याआधी गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क सांगावाच लागतो. सांगितला नाही तर जबाब बाद. इंग्लंडमध्ये १९८४ च्या कायद्याने ठाण्यातल्या माणसाला फुकट वकील मिळतो आणि तो मुलाखतभर शेजारी बसू शकतो. आपल्याकडे हा प्रश्न कसाबच्या खटल्यात विचारला गेला. २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मिरांडाचा नियम इथे जसाच्या तसा लागू नाही असे सांगितले; आपल्याकडे पोलिसांपुढची कबुली मुळातच बाद आहे, हे त्यामागचे एक कारण. सरकारी खर्चाच्या वकिलाचा हक्क आरोपीला पहिल्यांदा दंडाधिकाऱ्यापुढे उभे करतात तेव्हा सुरू होतो, आणि तो त्याला सांगणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्यच आहे. तर्क नीट आहे, पण तुरीच्या वावरातली मोटारसायकल त्यातून निसटते.

महाराष्ट्रापुरते मात्र याआधीच एक पाऊल टाकले गेले होते. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या महिला कैद्यांशी बोलून त्यांच्यावर लॉकअपमध्ये झालेल्या मारहाणीबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. फेब्रुवारी १९८३ च्या त्या निकालात न्यायमूर्ती भगवतींनी सांगितले, की अटक होताच पोलिसांनी जवळच्या विधी सहाय्य समितीला कळवायचे आणि समितीने आरोपीची इच्छा असेल तर सरकारी खर्चाने वकील पाठवायचा. म्हणजे कोर्टाची वाट न बघता.

अटकेचे कारण कळण्याचा हक्क याच्या शेजारीच उभा आहे आणि त्यात अमरावतीचा वाटा बराच जुना आहे. १८९७ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीला भरले. अध्यक्ष शंकरन नायर, स्वागताध्यक्ष इथलेच वकील दादासाहेब खापर्डे. टिळक तेव्हा तुरुंगात होते आणि पुण्याच्या नातू बंधूंना सरकारने १८२७ च्या एका रेग्युलेशनखाली, खटला न भरता, डांबून ठेवले होते. कारण न सांगता माणूस उचलण्याच्या या अधिकारावर त्या मंडपात कडाडून टीका झाली. पुढे १५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत जो अनुच्छेद मांडला, तो आज २२ क्रमांकाचा आहे: अटकेचे कारण सांगा, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ द्या, २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे न्या. अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख आणि अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी त्या सभेचे सदस्य होते.

या अनुच्छेदाला धार आली ती अगदी अलीकडे. वरळीच्या २०२४ मधल्या बीएमडब्ल्यू अपघाताच्या प्रकरणातून निघालेल्या अपिलात ६ नोव्हेंबर २०२५ रोजी निकाल लागला. पीठावर न्यायमूर्ती मसीह यांच्यासोबत तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई होते, म्हणजे पुन्हा अमरावतीचेच. गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे लेखी द्यायची आणि ती आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यायची. लगेच लिहून देणे शक्य नसेल तर आधी तोंडी सांगायचे, पण रिमांडसाठी दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडलाच पाहिजे. नाहीतर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा. हे दोन तास वकिलासाठी आहेत. एरवी पोलीस कोठडी (पीसीआर) की न्यायालयीन कोठडी (एमसीआर) हे काही मिनिटांत ठरून जाते, आणि बार रूममधून धावत आलेला वकील आरोपीचे नावसुद्धा कागद बघून घेतो.

पैसे नसतील तर? अमरावती आणि अकोला दोन्ही जिल्हा न्यायालयांत विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुका कोर्टांत समित्या आहेत. २०२२ च्या योजनेतून आलेल्या लोकअभिरक्षक कार्यालयांत आरोपींच्या बचावासाठी पूर्णवेळ वकील नेमले जातात. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीतला कोणीही माणूस यांना उत्पन्नाची अट नाही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०१९ च्या आराखड्यात तर अटकेच्या आधी, नुसत्या चौकशीला बोलावलेल्या माणसालाही वकील देण्याची सोय लिहिली आहे. नंदिनी सत्पथींच्या निकालात जे नाकारले होते, ते असे मागाहून कागदावर आले. फोन १५१००.

कागदाची परीक्षा व्हायची ती मेळघाटात. धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर, मधे घाट. कोरकू बोलणाऱ्या माणसाला अटकेची कारणे मराठीत छापून दिली तर तो ‘समजणाऱ्या भाषेत’ दिलेला कागद होत नाही; कोणीतरी त्याला ती कोरकूत सांगावी लागतील, आणि सांगितली याची नोंद करावी लागेल. रात्री नऊला आणलेल्या माणसाकडे जिल्ह्याच्या गावाहून वकील पोहोचायला पहाट होते. कलम ३८ ‘भेटू द्या’ म्हणते. ती भेट फोनवर होऊ शकते का, याबद्दल त्यात काही नाही, पण मनाईही नाही. तालुका समितीच्या वकिलाचा नंबर ठाण्याच्या भिंतीवर मराठी आणि कोरकूत लावायला आणि ठाणे अंमलदाराने तो रात्री नऊला लावून द्यायला, कुठलाच नवा कायदा लागत नाही.